भटूच्या हातासाठी चार रविवार

आमच्या बँडमध्ये बसून गाणी कमी आणि किस्से जास्त तयार होतात. गाणं बसवायला महिना लागतो. किस्सा मात्र गाडीतून उतरायच्या आत तयार! आणि गंमत अशी की किस्सा घडत असतो तेव्हा हसू येत नाही, डोकं फिरतं. माझं तर जरा जास्तच फिरतं.

मी कल्पना. शहाद्यात माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. बँडमध्ये मी गात नाही, वाजवत नाही. पोस्टर, पास, निवेदन आणि सगळ्यांवर ओरडणं एवढी कामं माझ्याकडे. बँडचं नाव ‘पपई’. का, ते विचारू नका, त्यावर एक अख्खी संध्याकाळ भांडण झालंय. गिरासे सर कॉलेजात शिकवतात, गाणी लिहितात आणि गातात. हितेश पटेल केळी लावतो आणि गिटार वाजवतो. आणि ड्रमवर आमचा भटू, मोटार रिवाइंडिंगवाला.

दोन महिन्यांपूर्वी भटू तोरणमाळच्या घाटात बाइकवरून पडला. उजव्या हाताची दोन बोटं वळेनाशी झाली. नाशिकच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, महिन्याभरात ऑपरेशन करा, उशीर झाला तर आतली शीर आखडेल. बोटं पूर्ण हलतील का, तर त्याची गॅरंटी नाही म्हणाले. ज्याचं पोट तांब्याची तार गुंडाळण्यावर आणि ज्याचा जीव ड्रमवर, त्याला हे सांगितल्यावर तो काय करणार? त्याने ऑपरेशनची तारीखच घेतली नाही.

आम्ही ठरवलं की बेनिफिट शो करायचे. चार रविवार, चार गावं, फक्त आपली स्वतःची गाणी. भटू उसळला, “मन्हा हात मन्हा शे, गावना नही!”

मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “ताई, ऑपरेशन व्हयनं आनि बोटं नहीच हालनात ते? आते कमीत कमी ‘हालतीन’ असं ते म्हणता येस.”

मी पास छापायला घेतले.

*

पहिला रविवार शहाद्यात, मंगल कार्यालयात. कार्यालय अर्ध्या भाड्यात मिळालं होतं आणि तिथेच घोळ सुरू झाला.

चूक माझी. रोज पत्रिका छापणारी मी, पासवरही सवयीने वर गणपती, खाली कलश आणि शेवटी ‘आपली उपस्थिती हाच आशीर्वाद’ टाकून मोकळी झाले. पत्ता मंगल कार्यालयाचा. पाहणाऱ्याने काय समजावं?

लोक आले, चांगले नटूनथटून आले. गिरासे सरांनी डोळे मिटून पहिलं गाणं सुरू केलं, ते गाणं एकटेपणावर आहे. दुसऱ्या कडव्याला एक काका स्टेजवर चढले, सरांना आहेराची टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि फोटोसाठी शेजारी उभे राहिले. सर गातच होते! मग रांगच लागली. गाणं संपेपर्यंत सरांच्या डोक्यावर सहा टोप्या होत्या.

पहिल्या रांगेतल्या एका आजींनी मला ओढून विचारलं, “माय, नवरी कोठे शे?”

मी म्हटलं, “आजी, नवरी नाही. कार्यक्रम हातासाठी आहे.”

आजींनी मान डोलावली. मग शेजारणीला म्हणाल्या, “साखरपुडा व्हई.”

*

त्याच कार्यक्रमातला दुसरा प्रकार. भटूच्या जागी ड्रमवर आम्ही निंबाला आणलं होतं. निंबा लग्नाच्या बँडमध्ये वीस वर्षं ढोल वाजवतोय, तालाला पक्का. पण ड्रमसमोर स्टुलावर बसला आणि घामाघूम झाला. ताल लागेना. मी दात खाऊन विचारलं, “काय झालं रे?”

“ताई, माले बशीसन वाजाडता येत नही. पाय चालनात का हात चालतस.”

बरोबरच होतं त्याचं! वीस वर्षं वरातीपुढे चालत वाजवलेलं. बसून कधी वाजवलंच नव्हतं. हितेश म्हणाला, चल बाबा, गळ्यात ढोल अडकव आणि चालत वाजव.

निंबाने गळ्यात ढोल अडकवला आणि काय ताल धरला महाराजा! स्टेजवर दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला स्टेज कमी पडलं, तो खाली उतरला. खुर्च्यांमधून गेला. आणि दार समोर दिसलं तसा सवयीने बाहेर पडला.

त्याच्या मागे पब्लिक! एकूण एक! कुणी मुलं खांद्यावर घेतली, कुणी रुमाल काढून नाचायला लागलं. पाच मिनिटांत हॉल रिकामा. स्टेजवर हितेश आणि सहा टोप्यांचे गिरासे सर. सर मला म्हणाले, “कल्पना, आपण चालू ठेवू या का?”

निंबा अर्ध्या तासाने बसस्टँडजवळ सापडला. पब्लिक सापडलं नाही.

*

दुसरा रविवार पुरुषोत्तमनगरजवळच्या एका गावात. तिथल्या मंडळाच्या अध्यक्षांनी आधीच बजावलं होतं, “आपलाकडे शिस्तमा कार्यक्रम व्हस.” मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कुठेतरी शिस्त आहे!

शिस्त म्हणजे सत्कार. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. आधी पाहुण्यांचा, मग ज्यांनी पाहुण्यांचा केला त्यांचा. मग मंडपवाल्याचा, मग माईकवाल्याचा. माझ्या हातात यादी दिली होती आणि मी घसा कोरडा पडेपर्यंत नावं पुकारत होते. सूर्य मावळला. हितेशने गिटार तीनदा काढली, तीनदा पेटीत ठेवली.

मी अध्यक्षांच्या कानात सांगितलं, “दादा, गाणी राहिली. आणि ज्याच्यासाठी कार्यक्रम आहे तो भटू तिकडे खांबाजवळ उभा आहे.”

ते दचकले. “गाना ऱ्हाऊ द्या ताई! एखादाना सत्कार राही गया ते गावमा भांडण व्हई!”

शेवटी भटूचाही सत्कार झाला. अध्यक्षांनी जोरात त्याचा उजवा हात हातात घेतला आणि तीनदा हलवला. भटूचा चेहरा पांढरा पडला, पण तो हसला. मला इतका राग आला की मी माईकवरच म्हटलं, “डावा, दादा, डावा!” तर अध्यक्ष डाव्या बाजूच्या माणसाला शाल घालायला वळले.

एक गाणं झालं. अर्धं. मग जेवायला बोलावलं. येताना गाडीत भटू हात मांडीवर घेऊन बसला होता, मी विचारलं, “नाशिकला फोन केलास का?” तो खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत म्हणाला, “देखू ना.”

*

तिसरा रविवार तोरणमाळला. खरं सांगू का, तिथे जायला मला धाकधूक होती. त्याच घाटातून भटूला वर न्यायचं होतं.

वर शाळेच्या पटांगणात लोक दुपारपासून येऊन बसलेले. पावरी बोलणारी माणसं, आमची मराठी गाणी त्यांना कळणार का ही सरांना काळजी. तिथले एक मास्तर मध्ये दुभाषे म्हणून उभे राहिले.

आधी साउंडचेक. वर लाइटचा दाब कमी-जास्त, त्यामुळे पाऊण तास सरांचं नुसतं “चेक, चेक, वन, टू”. हितेशने एकच तार पन्नास वेळा छेडली. निंबाने चालत-चालत एकच ठोका दिला. लोक शांत बसून, अगदी मन लावून ऐकत होते. शेवटी आवाज जमला. सर म्हणाले, “झालं.”

मास्तरांनी पावरीत सांगितलं, झालं.

आणि सगळे उठले! टाळ्या वाजवल्या, मुलांना उचललं आणि निघाले. मी धावत मास्तरांकडे गेले, “अहो, थांबवा! अजून सुरूच नाही केलं!” मास्तरांनी एका म्हाताऱ्या बाबांना गाठून विचारलं. बाबांनी काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. मास्तर परत आले.

“ते म्हणतात, छान वाजवलं. गाणं जरा तेच तेच होतं, पण गाणाऱ्याने जीव ओतला.”

सर त्या दिवसापासून ‘जीव ओतला’ एवढंच सांगतात.

जाता-जाता मात्र लोक भटूपाशी थांबायला लागले. आपल्या घाटात पडलेला माणूस कोणता, हे त्यांना बघायचं होतं. एका म्हातारीने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्याला रागावून काहीतरी विचारलं.

मास्तर म्हणाले, “त्या म्हणतायत, पडलास तेव्हा वर आमच्याकडे का नाही आलास?”

भटूने वाकून तिच्या पायांना हात लावला. पण बोटांचं काय करणार, हे त्याने परत येईपर्यंत सांगितलं नाही. महिना संपायला नऊ दिवस उरले होते. पासांच्या पैशांतून ऑपरेशनची सोय झाली होती, डॉक्टर तयार होते, तयार नव्हता फक्त भटू.

*

आता चौथा रविवार. सारंगखेडा.

या वेळी हितेश हट्टाला पेटला, “कल्पनाताई, फ्लेक्स इंडी पाहिजे. पुढाऱ्यांचे फोटो नको, रंग नको, भडकपणा नको.” त्यानेच डिझाइन केलं. मध्यभागी भटूचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, मोठा, डोळे जरा खाली. वर ‘भटू’. खाली ‘भटूसाठी एकत्र येऊ या. रविवार, सायंकाळी सहा, तापीकाठ, सारंगखेडा.’ बस.

मी छापला. मी! जिच्या दुकानातून आठवड्याला असले चार फ्लेक्स श्रद्धांजलीसाठी जातात! मला एकदाही शंका आली नाही, उलट म्हटलं, वा, काय साधं आणि छान झालंय. अक्कल गहाण ठेवणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

फ्लेक्सचा फोटो मोबाइलवरून फिरत-फिरत तापीपलीकडे निझरला पोचला. तिथे भटूची फुई राहते, म्हणजे आत्या. भटूचे आई-वडील लहानपणीच गेले, त्याला फुईनेच वाढवलं. आणि या शहाण्याने फुईला घाबरून अपघाताचं सांगितलंच नव्हतं! वर, नातेवाइकांचे फोन नकोत म्हणून मोबाइल बंद करून ठेवलेला.

सहाला दहा मिनिटं होती. पब्लिक जमलं होतं, निंबा गळ्यात ढोल अडकवून तयार. भटू पडद्यामागे वायर गुंडाळत होता, डाव्या हाताने. तेवढ्यात दोन पिकअप येऊन थांबले. त्यातून पुरुष उतरले, खांद्यावर पांढरे टॉवेल, बायका डोक्यावरून पदर ओढलेल्या. स्टेजसमोर आल्या, फ्लेक्सवरचा फोटो बघितला आणि फुईने जमिनीवर बसून गळा काढला.

“मन्हा भटू रे! पंपनी जळेल मोटारमा जीव टाके रे!”

बाकीच्या बायकांनी साथ धरली.

“बोटं नहीत, सोनानी तार व्हती रे! कोनाले नही म्हणे ना रे!”

कुणाला काय सांगू, कुठून सुरुवात करू, काही सुचेना. सारंगखेड्याच्या पब्लिकला वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. मागून कुणीतरी ओरडलं, “आवाज वाढाडा!” आणि आमचा साउंडवाला, काय बोलावं त्याला, त्याने धावत जाऊन फुईसमोर माईक ठेवला.

आता ते रडणं अख्ख्या मैदानात. फुई एकेक आठवण काढत होती. भटूने सातवीत असताना तिची बंद पडलेली चक्की कशी चालू केली, पहिल्या कमाईतून तिला चप्पल कशी आणली. हितेशने नकळत गिटारवर हलके सूर धरले होते. मी स्टेजच्या कडेने पडद्यामागे बघितलं. भटू उभा राहून ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मग तो बाहेर आला. “फुई.”

रडणं थांबलं. फुईने वर बघितलं, फ्लेक्सकडे बघितलं, परत वर बघितलं. उठली, त्याच्याजवळ गेली, गालाला हात लावला, खांदा चाचपला. मग उजवा हात धरला. बोटं वळवून बघितली. दोन वळली नाहीत. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिला भराभर सगळं सांगून टाकलं. अपघात, डॉक्टर, नऊ दिवसांचे राहिलेले दोन दिवस आणि त्याची भीती.

फुईने डोळे पुसले, कंबरेला पदर खोचला. माईक तसाच चालू होता.

“आम्ही चाळीस माणसं कामधंदा सोडीसन रडाले उनूत! आते तू मरस का दवाखानामा जास, एक काय ते सांग!”

सगळं मैदान भटूकडे बघायला लागलं. भटूने नाक पुसलं आणि माझ्याकडे वळला.

“ताई, नाशिकनी गाडी कितला वाजता शे?”