तो नंबर काढून टाका, सर

"भाजीच्या पाटीसारखा ठेवला असशीन कुठं तरी. पाटी कोणी नेत नाही, लॅपटॉप नेतात. तुमच्या घरी माहीत नसन."

अभ्यासिका सरांचीच. हे ते भरल्या हॉलमध्ये बोलले. मी पाणी प्यायला उठले होते. परत आले तर टेबलावर नुसता चार्जर. सगळ्यांनी पुस्तकातून माना वर काढल्या. हसले. परत खाली घातल्या.

मग सरांनी माझीच बॅग उलटी करायला लावली. डबा, ओढणी, सॅनिटरी पॅड. पॅड टेबलावर पडलं तेव्हा मागच्या रांगेतून सरांचा भाचा म्हणाला, "मॅडमचा लॅपटॉप लय छोटा हाय बे."

पुन्हा हसू. मी एकेक वस्तू बॅगेत भरली. पॅड सगळ्यात शेवटी. सगळे पाहत होते.

माझे वडील, आबा, धाड गावच्या बाजारात वांगी-मिरची विकतात. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं. तिथं घरची भाषा तोंडातून निघाली की वर्गाबाहेर उभं करायचे. इथं बुलडाण्यात इंग्रजी शब्द निघाला की 'मॅडम' म्हणून चिडवतात. दोन्हीकडून मी एकच शिकले. तोंड मिटायचं आणि पाहत राहायचं.

आबांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदारांनी पेन माझ्याकडे सरकवलं.

"चोरी लिहिलं का तपास आला, साक्षी आल्या. पोरीची जात, कुठं फिरशीन? गहाळ लिही. दाखला लगेच भेटते."

म्हणजे कोणी नेला नाही. माझ्याच हातून हरवला. आबांनी मान डोलावली. मी 'गहाळ' लिहिलं आणि सही केली. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "जाऊ दे माय. सरची शेती केवढी, बिल्डिंग केवढी. मोठ्या लोकाईशी कोण भांडन?"

मी बँकेच्या परीक्षेची तयारी करत होते. नोट्स, सराव पेपर, सगळं त्या लॅपटॉपमध्ये होतं. मी पुन्हा वहीपेन घेऊन त्याच खुर्चीवर जाऊन बसले.

काही दिवसांनी भाच्याकडे लॅपटॉप आला. झाकणावर काळा चकचकीत स्टिकर. पुण्याच्या भावानं दिला म्हणे. बाकी माझ्यासारखाच, पण तसले लॅपटॉप कितीतरी जणांकडे असतात. मी वहीत डोकं घातलं. तेवढ्यात सर त्याच्याजवळ थांबले.

"काऊन बे, नवा आणला न् नंबर नाही दिला?"

"चालून राह्यलं ना मामा. राहू द्या."

सर पुढं गेले. माझं पेन थांबलं.

आमच्या अभ्यासिकेत नुसत्या पासवर्डवर नेट लागत नाही. पोरं पासवर्ड बाहेर वाटायची, म्हणून सरांनी नियम केला. प्रत्येकानं आपल्या मशीनचा नंबर द्यायचा, सर तो राउटरमध्ये टाकणार, तेव्हाच नेट. हा नंबर म्हणजे मशीनच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता. बारा अक्षरं आणि आकडे, कारखान्यातच ठरलेले. आतलं सगळं पुसा, नाव बदला, वरून स्टिकर लावा. पत्ता तोच राहतो.

नंबर न देता त्याचं नेट चालत होतं. म्हणजे तो नंबर आधीच कोणीतरी दिलेला होता.

मी धाडला गेले. लॅपटॉपच्या खोक्यात आई बियाण्याच्या पुड्या ठेवते. पुड्या बाहेर काढल्या, खोका उजेडात धरला. तळाच्या चिठ्ठीवर वायफायचा पत्ता छापलेला होता. फोटो काढला.

"काऊन चाळून राह्यली खोकं?" आईनं विचारलं.

"काही नाही," म्हणाले. सांगितलं असतं तर तिनं मला जाऊ दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला होता. भाचा मागे, लॅपटॉप उघडून. मी सरांच्या टेबलापाशी गेले.

"सर, माझ्या लॅपटॉपचा नंबर अजून आत आहे. तो काढून टाका."

"गेला ना तो? मंग आता कायले?"

"म्हणूनच."

कटकट संपावी म्हणून त्यांनी राउटरचं पान उघडलं. मी फोटोतून एकेक अक्षर वाचलं. मोठ्यानं. माझा एवढा मोठा आवाज त्या हॉलनं कधी ऐकला नव्हता. नंबर सापडला. त्याच्यापुढं हिरवा ठिपका होता, म्हणजे मशीन त्या क्षणी जोडलेलं होतं. सरांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी बटण दाबलं.

पंख्याचा आवाज. पान उलटल्याचा आवाज.

"मामा, नेट गेलं काय?"

"माह्यं तर चालू हाय," त्याच्या शेजारचा म्हणाला. आणखी कोणीतरी म्हणालं, "माह्यं पण."

सरांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग भाच्याकडे. मला दोघांची तोंडं दिसत होती. या वेळी कोणी हसलं नाही.

सर उठले. भाच्याच्या पुढ्यातून लॅपटॉप ओढला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. आवाज एकदम मऊ.

"मस्करी केली असन पोरानं. घे बाई. ठाण्यात गहाळच लिहिलं हाय ना? सापडला म्हणून सांग. संपलं."

माझा लॅपटॉप हाताच्या अंतरावर होता. किती सोपं होतं. उचलायचा, आबांना फोन करायचा, घरी जायचं. मग हॉलला आयुष्यभर तेच आठवलं असतं. भाजीवाल्याच्या पोरीनं लॅपटॉप हरवला, सरांनी शोधून दिला.

मी हात मागे घेतला.

"इथंच राहू द्या. कोणी हात लावू नका. मी पोलिसांना बोलावते."

"उद्यापासून इथं पाय ठेवता येणार नाही तुले. विचार कर."

मी त्यांच्यासमोरच फोन लावला.

तेच हवालदार आले. आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सापडला ना? मंग काय लिहू आता?"

"चोरी."

"संशय कोणावर?"

"संशय नाही. माहीत आहे," मी म्हणाले आणि भाच्याचं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

मग मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. उद्याही तिथंच बसणार आहे. सरांना मला काढायचं असेल तर याच भरल्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर काढावं लागेल. आणि कारण मोठ्यानं सांगावं लागेल.