पासारोनला लोक गप्प राहिले

...हां, तर सिमाकोस राजाच्या चुलीपाशी बसला आणि राजाचं तान्हं पोर त्याने मांडीवर घेतलं. आम्हा मोलोस्सी टोळीवाल्यांमध्ये त्यापुढे बोलणंच खुंटतं. घरचं लेकरू कुशीत घेऊन आसरा मागणाऱ्याला हाकलायचं नाही. मग तो शेजारच्या टोळीतून भावांशी भांडून पळालेला का असेना. राजा अल्कोन गोठ्यातून आला, हात दुधाचे. राजा खरा, पण धार स्वतःच काढायचा. म्हणाला, "पोर रडत नाही तुझ्याकडे. राहा बाबा."

सिमाकोस राहिला. राजाच्या ताटात जेवला, राजाच्या बहिणीचा नवरा झाला. आणि एका हिवाळ्यात गुपचूप गावोगाव फिरला. "मला राजा करा. अल्कोनची तळ्याकाठची कुरणं तुम्हाला वाटून देतो." आमची माणसं कसली! गवताचं नाव काढलं की बैलाआधी यांच्याच तोंडाला पाणी.

वसंतात पासारोन गावी दरसालचा शपथेचा दिवस आला. कायद्याने राज्य करीन, असं राजाने म्हणायचं. मग कायद्याने तुझं राज्य राखू, असं लोकांनी. माझा चुलता बोइस्कोस बळीचा बैल धरून होता. त्याला कुणकुण लागलेली.

"मालक, आज आधी त्यांना म्हणू दे."

"खुळा का रे तू? राजा आधी, लोक मागून. आणि सिमाकोस आहे की. कालच म्हणाला, सगळे तुझ्याच बाजूचे."

अल्कोनने झ्यूसच्या वेदीवर हात ठेवून खणखणीत शपथ घेतली आणि हसून लोकांकडे पाहिलं. कुणी खोकलं. कुणी टोपी सारखी केली. तोंड कुणी उघडेना. त्याने सिमाकोसकडे पाहिलं, तर तो बैलाची शिंगं न्याहाळत होता.

राजाच्या माणसांनी भाले उचलले.

"खाली ठेवा!" अल्कोन ओरडला. "लोकांनी राखलं नाही तर मी राजा नाही, हाच कायदा. त्याचीच शपथ घेतली ना मी आत्ता?"

त्याने हातातली राजकाठी वेदीवर ठेवली. तेव्हा कुठे सिमाकोस जवळ आला, मधाळ आवाजात म्हणाला, "दादा, राग धरू नकोस. येत जा घरी, तुझंच आहे."

अल्कोन म्हणाला, "घर तूच ठेव, सिमाकोस. आजवर मी दाराला अडसर लावून झोपलो नाही. आता जिथे जाईन तिथे छपराआधी अडसर करून घेईन."