सोळातले चार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आई होती तेव्हा आईला नाही, आणि जिला सांगायला हवं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे बसले आहे. जमेल की नाही, ते ठाऊक नाही.

आधी थोडं इकडचं तिकडचं बोलते. मी इथे जबलपूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे ओळखीत कुणाला लॅपटॉप घ्यायचा झाला की फोन मला येतो. मेमरी किती घ्यायची, प्रोसेसर कोणता, दुकानदार सांगतो तेवढं खरंच लागतं का? मी आधी विचारते, काम काय करणार? पत्रं लिहायची, हिशेब ठेवायचा, सिनेमे पाहायचे, तर आठ जीबी पुष्कळ. घराचे नकाशे उभे करून दाखवायचे, भिंती, उजेड, सावल्या — मग सोळाच्या खाली जाऊ नका. वर्गात मी सांगते, मेमरी म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यावरची जागा. कपाटात सामान कितीही भरून ठेवा, एका वेळी ओट्यावर किती मांडता येतं त्यावर हात किती चालेल ते ठरतं. मुलांना हे उदाहरण फार आवडतं. मला शाबासकी मिळते.

ते उदाहरण माझं नाही. ते निमाचं आहे.

निमा माझी धाकटी बहीण. आमच्या घरी लहानपणीच दोघींना एकेक शब्द चिकटला होता — मी हुशार, ती साधी. वाईट हेतूने कुणी म्हटलं नाही हो. आई तिच्या केसांना तेल लावता लावता म्हणायची, “आमच्या निमाच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागते.” निमाही हसायची. मी हसत नसे. पण मला बरं वाटायचं — हे आता सांगताना कळतंय, किती बरं वाटायचं ते. ती साधी होती म्हणून मी हुशार होते, असंच होतं का ते? तेव्हा हा प्रश्न मला पडला नाही. मी शिकले, नोकरीला लागले, इथेच महाराजपुरात आम्ही घर बांधलं. ती बी.ए. झाली आणि गावातल्याच चेरीताल भागातल्या एका मोठ्या कुटुंबात पडली. तिच्या सासरचं स्वयंपाकघर इतकं अरुंद की दोन बायका पाठीला पाठ लावून उभ्या राहायच्या. त्यात तिची वीस वर्षं गेली.

मग शेजारच्यांनी स्वयंपाकघर नवीन करायला घेतलं. निमा नुसती बघायला गेली होती. मिस्त्रीला म्हणाली, भैया, सिंक इथे नको, उजव्या हाताला हवं, नाहीतर भाजी चिरून धुवायला बाई रोज फिरत राहील. मिस्त्रीने ऐकलं. पुढच्या कामाच्या वेळी तो तिला विचारायला आला. मग आणखी कुणी. एक दिवस ती माझ्याकडे आली — “ताई, घराची चित्रं काढायचं ते कॉम्प्युटरवरचं, मला शिकवशील का ग? मला येईल का पण?”

मी शिकवलं. काही रविवार. खरं सांगते, मला वाटलं होतं की कंटाळेल. मनात म्हटलं, चलो, हौस आहे, होऊ दे. पण ती कंटाळली नाही. चुकायची, पुसायची, परत काढायची. आणि मग एके दिवशी तिने एक स्वयंपाकघर दाखवलं. सकाळचा उजेड खिडकीतून आत येऊन नेमका पिठाच्या परातीवर पडत होता. मला तो प्रोग्राम बारा वर्षं येत होता. मला तो उजेड कधी सुचला नाही.

तिथेच सुरू झालं असेल का? असेल.

तिने स्वतःच्या कमाईतून लॅपटॉप घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी तिला खरंच सांगितलं. सोळा घे, ग्राफिक्स कार्ड वेगळं घे, तुला लागेल. दुकानात तिच्याबरोबर मीच गेले. हे मी माझ्या बाजूने म्हणून सांगत नाही. उलट — मला नेमकं माहीत होतं, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते. दुकानातून निघाल्यावर ती मला हट्टाने बड्या फुहाऱ्याच्या बाजारात घेऊन गेली आणि माझ्यासाठी साडी घेतली. “गुरुदक्षिणा,” म्हणाली. मोरपंखी रंगाची, चांगली साडी होती. मी ती अजून एकदाही नेसले नाही.

बाबांची पंच्याहत्तरी आम्ही घरीच केली. नागपूरहून काकू आली होती. तिच्या नातवाला लॅपटॉप घ्यायचा होता, तिने बाबांना विचारलं, कोणता घ्यावा हो? मी तिथेच होते, श्रीखंडाच्या वाट्या भरत. मी तोंड उघडलंही होतं. आणि बाबा म्हणाले, “निमाला विचारा. आमच्या घरात आता कॉम्प्युटरचं तीच पाहते.”

निमा एवढीशी झाली. “काय बाबा, ताईनेच तर मला शिकवलं.” म्हणजे बिचारी मलाच सावरायला आली. मी हसून म्हटलं, सांग ना ग, तूच सांग. आणि तिने सांगितलं — ते ओट्याचं. मेमरी म्हणजे ओटा, काकू. सगळे कौतुकाने ऐकत होते. माझ्या हातातल्या डावातून श्रीखंड वाटीबाहेर सांडलं. मी फडक्याने ते पुसलं आणि फडकं चोळत बसले, कितीतरी वेळ.

म्हाताऱ्या माणसाचं एक वाक्य. त्यावर कुणी एवढं करतं का?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी निमा आनंदात आली. नागपूरच्या एका कंपनीने तिची चित्रं पाहिली होती. मॉड्युलर किचन बनवणारे लोक. आठवड्याभरात तीन स्वयंपाकघरं काढून दाखवा, आवडली तर घरबसल्या कायमचं काम. लॅपटॉप तिने माझ्याकडे आणला होता, काम सुरू करायच्या आधी एकदा नजर टाक म्हणून. व्हायरस वगैरे काही असेल तर. माझ्यापुढे टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “तू बघ, मी पोहे करते.” दुपारची वेळ. माझ्याच स्वयंपाकघरातून ती बोलत होती. तिखट किती टाकू, ऋचा अभ्यास करत नाही, सासूबाईंना आता बरं आहे. ऋचा म्हणजे तिची मुलगी. मी हुं हुं करत होते.

यंत्र सुरू होताना त्याने किती मेमरी वापरायची, हे ठरवून देता येतं. ती जागा आत असते, सहसा कुणी तिकडे फिरकत नाही. मी तिथे गेले. सोळाच्या जागी चार केले. प्रोसेसरचे बरेचसे भागही बंद करून टाकले. मग लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला.

एवढंच. पोहे होईपर्यंत झालं होतं. पोहे चांगले झाले होते, मी दुसऱ्यांदा घेतले.

मी काय विचार केला होता? मला आठवतं ते असं — थोडं अडू दे. एकदा तरी अडून माझ्याकडे येऊ दे, मग मी दुरुस्त करीन. असं मी स्वतःला सांगितलं होतं. पण ती आली तेव्हा मी काय केलं, ते ऐका.

दोनच दिवसांनी आली. “ताई, हा काहून असा अडकून राहिला ग? एक कपाट फिरवायला गेली की पूर्ण स्क्रीन पांढरी. काल दिवसभराचं काम गेलं.” दुकानात दाखवून आली होती. तिथल्या मुलाने वरवर पाहून सांगितलं होतं, दीदी, मशीन में कोई खराबी नहीं है. तिचे डोळे सुजले होते. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. दोन ठिकाणी बोट लावलं की झालं असतं. मी उगीच इकडे तिकडे उघडून पाहिल्यासारखं केलं आणि म्हटलं —

“मशीन ठीक आहे निमा. तू फाईली जड करून ठेवतेस. या कामाला एक शिस्त लागते. ती शिकल्याशिवाय येत नाही.”

पहिलं कृत्य मत्सराच्या भरात झालं, असं तुम्ही म्हणाल कदाचित. दुसऱ्याला काय म्हणाल? तिने मान डोलावली. अगदी लगेच. जणू हे वाक्य तिच्या आत आधीपासूनच होतं आणि मी फक्त मोठ्याने वाचून दाखवलं. “अच्छा,” म्हणाली. “माझंच चुकत असेल.”

तीनपैकी दोन स्वयंपाकघरं तिने कशीबशी पाठवली, तीही उशिरा, उजेड-सावली काही न घालता. ते इतकं जड काम चार जीबीत होणारच नव्हतं. नागपूरवाले सभ्य होते. कल्पना चांगल्या आहेत, पण आम्हाला वेग हवा, असं त्यांनी कळवलं. हे सांगायला ती आली तेव्हा रडत नव्हती. म्हणाली, “ताई, मी ढ ती ढच. उगाच उडत होती.” मी चहा केला. तिच्या पाठीवरून हात फिरवला. हो, हातसुद्धा फिरवला.

आता सांगायची लाज वाटते असं आणखी एक आहे. त्या दिवशी मला वाईट वाटलं, पण त्याच्या खाली कुठेतरी निवांत वाटलं. घरातली एखादी वस्तू कुणी हलवली होती, ती परत जागेवर आल्यासारखं.

काही महिन्यांनी, तिने काम पुरतं सोडल्यावर, मी लॅपटॉप मागून घेतला आणि सगळं होतं तसं करून दिलं. चार काढून पुन्हा सोळा. का केलं? पश्चात्ताप? नाही. ऋचा मोठी होत होती, यंत्र वापरायला लागली होती, तिला एक दिवस सापडलं असतं. मी भ्याले.

निमाने तो उघडला आणि थक्क झाली. सगळ्यांना फोन करून सांगितलं की ताईने नुसता हात लावला नि बघा कसा पळायला लागला. मी म्हटलं, एक अपडेट राहिलं होतं. बाबा फोनवर म्हणाले, “शेवटी तूच ग.” त्या तीन शब्दांसाठी मी ते सगळं केलं होतं. मिळाले ते. मी थँक्यू म्हटलं.

लॅपटॉप पळत होता, पण निमा परत बसली नाही त्यावर. मी एकदा म्हटलंही, काढ ना ग काहीतरी. ती म्हणाली, “नको. मशीन चांगलं असून मला जमलं नव्हतं, आता तर सवयही गेली.” तेव्हा सांगता आलं असतं. ती माझ्यासमोर लसूण सोलत बसली होती, घरात आणखी कुणी नव्हतं. किती सोपं होतं. मी तिच्यापुढचा अर्धा लसूण माझ्याकडे ओढला आणि सोलायला लागले.

मिस्त्री अजून मधूनमधून विचारायला येतो म्हणे. ती त्याला सांगते, भैया, अब किसी पढ़े-लिखे से बनवा लो.

गेल्या उन्हाळ्यात ऋचाला भोपाळला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. दोघी माझ्याकडे आल्या, लॅपटॉप कोणता घ्यायचा ते विचारायला. ऋचाला मराठी कळतं, बोलते मात्र हिंदीच. मी तिला बत्तीस सांगितले. कारण सांगितलं, दुकान सांगितलं, काय तपासून घ्यायचं तेही सांगितलं. ती फोनमध्ये टिपून घेत होती. निमा मध्येच म्हणाली, “इतके काहून लागतात ग? माझ्याकडे तर सोळाच होते.”

ऋचा वर न बघताच म्हणाली, “मम्मी, रहने दो ना. आपको इसमें कुछ समझ में नहीं आता.”

निमा हसली. माझ्याकडे बघून हसली — पोरं अशीच असतात, असं म्हणावं तसं. मग तिने पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, “खरंय बाबा. ताईला विचार तू. तिलाच कळते.”

मी ऋचाला म्हटलं, “हां, लिहून घे, पुढचं सांगते.” आणि पुढचं सांगितलं.