चिठ्ठी न निघालेलं गाव

लातूरच्या ट्यूशनमधून मला हाकललं ते अभ्यासात कच्चा म्हणून नाही. कच्चे तर बाकड्याबाकड्यावर होते. मला हाकललं फिजिक्सच्या सरांच्या आवाजापायी. एक दिवस सरांना यायला उशीर झाला, तर मी फळ्यापाशी जाऊन त्यांचा तास सुरू केला. "चेंडू वर फेकला. काय केला? फेकला. कुठं? वर. दरवर्षी येतं हे. स्टार करा." पुढच्या बाकावरच्या पोरींनी खरंच वहीत स्टार केला. मी आणखी रंगात आलो, आणि मागचं हसणं एकदम का थांबलं म्हणून बघितलं तर सर दारात. ते शांतपणे म्हणाले, "आता चेंडू खाली कधी येतो तेही सांगा." ते मला येत नव्हतं.

मी उमरीचा. तेव्हा उमरीहून, देगलूरहून, किनवटहून पोरं पेटी-गादी घेऊन लातूरला उतरायची. प्रत्येकाच्या घरी एक डॉक्टर आधीच ठरलेला असायचा. आमचा खोलीमालक म्हणायचा, लातूरचं नाव भूकंपानं जगाला कळलं आणि ट्यूशननं महाराष्ट्राला. माझ्या घरच्यांना मात्र माझं काही कळू द्यायचं नव्हतं, म्हणून मी गुपचूप काम बघायला लागलो. एका संस्थेला सर्वे करणारी पोरं पाहिजे होती.

मुलाखत घ्यायला ज्या मॅडम होत्या त्या पुण्याकडच्या. खेड्यातल्या माणसांशी नीट बोलता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना किनवटकडचा "काय करून राहिला" म्हणणारा माणूस करून दाखवला, निलंग्याकडची "काय करायलाव" म्हणणारी बाई करून दाखवली आणि दोघांचं भांडणही लावून दिलं. मॅडम हसल्या नाहीत, पण मला घेतलं.

काम असं होतं. निलंग्याच्या आसपासच्या खेड्यांत चौथीपर्यंत पोचलेल्या पण वाचता न येणाऱ्या पोरांसाठी संस्था संध्याकाळी वर्ग काढणार होती. गावातलीच एक शिकलेली ताई वाचायला शिकवणार. पण वर्ग निम्म्याच गावांना, आणि कोणती निम्मी ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. आम्ही पोरांची परीक्षा सुरुवातीला घ्यायची आणि वर्षानं पुन्हा घ्यायची, सगळ्या गावांत, वर्ग असो नसो. फरक दिसला तर राहिलेल्या गावांनाही वर्ग मिळणार. नाही दिसला तर पैसे देणारे हात काढून घेणार आणि सगळंच बंद.

चिठ्ठ्या निलंग्यात सगळ्या सरपंचांसमोर स्टीलच्या घागरीतून निघाल्या. एक सरपंच उठले. वर्ग चांगला असला तर समद्यांना द्या, वाईट असला तर कुणालाच नको, हे घागरीचं काय लावलं, असं त्यांचं म्हणणं. मॅडम म्हणाल्या, चांगला आहे का तेच अजून कुणाला माहीत नाही. तेव्हा मागून एक म्हातारे सरपंच बोलले.

"औ, नवं खत आपण आधी अर्ध्याच वावरात टाकून बघताव का न्हाई?"

"बघताव. पर कोणतं अर्धं ते आपण ठरवताव."

"म्हणूनच म्हणतो. तुमी काळ्या रानात टाकताव आन् मग खताचं नाव करताव."

हॉल हसला. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढं वर्षभर प्रत्येक मीटिंगमध्ये वापरलं. 'वावर' हा शब्द त्या इतका जपून उच्चारायच्या की वाटायचं काचेचा आहे.

आम्हा सर्वेवाल्या पोरांना त्यांचा एकच नियम होता. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, सगळीकडं एकाच आवाजात, चेहरा कोरा ठेवून. दुसरा कुणी असता तर त्याला हे सोपं गेलं असतं. माझा तर कंडक्टरनं "चला पुढं" म्हटलं की त्याच्याच आवाजात "सरकलो की" असं तोंडातून निघायचं. दोनदा मार खाता खाता वाचलोय.

माझ्या वाट्याला आलेल्या गावांत एकाची चिठ्ठी निघाली नव्हती. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, सिमेंटची सारखी घरं, रांगेत, भिंतीवर नंबर. सर्वेला लई सोपं, दर चौथं घर धरा आणि चला. फक्त त्या गावानं भूकंपाच्या वर्षात इतके सर्वे बघितले होते की ते सर्वेत माझ्यापेक्षा जास्त तयार होतं. आमच्या फॉर्मात कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. मी फॉर्म घेऊन एका अंगणात शिरलो तर आज्जीनं माझ्या डोळ्यांदेखत तीन विटा मांडल्या आणि धाकट्या सुनेला तिथं फुंकर मारायला बसवलं.

"ही धाकट्याची चूल. येगळी हाय."

"आज्जी, वर भांडं नाही."

"आता तर येगळे झालेत. भांडं येईल की."

मी सांगितलं की या वेळी वेगळ्या चुलीला वेगळं घर मिळणार नाही, सर्वे पोरांच्या वाचण्याचा आहे. विटा लगेच जागेवर गेल्या, सून आत गेली आणि आज्जी पदर सावरून माझ्यासमोर बसली. तिची नात चौथीत होती. आज्जीच्या डोळ्यात मोतीबिंदू, दवाखाना लातूरला, म्हणून निलंग्याच्या स्टँडवर नातीला पाटी वाचायला लावलं. पोरीनं ठामपणे सांगितलं हीच लातूरची. दोघी उदगीरला पोचल्या. "मला दिसत न्हाई आन् हिला येत न्हाई," आज्जी म्हणाली, "आमच्या गावाला मास्तरीण कधी देताव ते बोल." चिठ्ठी निघाली नाही म्हटलं तर म्हणाली, मग उद्या पुन्हा काढा.

परीक्षा म्हणजे चार ओळींचा कागद. गावाबाहेर एक विहीर आहे. विहिरीजवळ चिंचेचं झाड आहे. झाडावर माकडं येतात. माकडं चिंचा खातात. पोरानं कागद वाचायचा आणि आम्ही खूण करायची, शब्द येतो, वाक्य येतं का सगळा परिच्छेद. त्या गावात पहिल्या दिवशी एकाचंही तोंड उघडेना. नव्या माणसाला बघून खाली मान. मी खुणा केल्या, कागद गोळा केले, तिथंच निघालो असतो तर ही गोष्ट झाली नसती. पण पोरांचे चेहरे इतके पडलेले दिसले की मला राहवेना. मी कागद हातात धरला, काल्पनिक खडू कानामागं खोचला आणि फिजिक्सच्या सरांना बोलावलं.

"गावाबाहेर एक विहीर आहे. काय आहे? विहीर. कुठं आहे? गावाबाहेर. गावात आहे का? नाही. दरवर्षी येतं हे. स्टार करा."

पोरं लोळायला लागली. मग तेच कंडक्टरच्या आवाजात, तेच रेडिओवरच्या बाईच्या आवाजात. निघताना आज्जीच्या नातीनं कागद मागितला. परीक्षेचा कागद गावात ठेवायचा नाही हा मॅडमचा नियम. मी दिला. नंतर वर्षभर घरांची माहिती घ्यायला त्या गावात फेऱ्या व्हायच्या आणि प्रत्येक फेरीला पोरं रस्त्यातच अडवायची. विहीर झाल्याशिवाय मला पुढं जाऊ द्यायची नाहीत.

वर्ष संपलं, तोच कागद घेऊन पुन्हा गेलो. पोरांनी विहिरीपासून चिंचेपर्यंत धाडधाड म्हणून टाकलं. मी खुणा करत गेलो, परिच्छेद येतो, परिच्छेद येतो. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी राहिलं. शाळेला जमलं नाही ते आपण येताजाता केलं, असं वाटलं.

लातूरच्या ऑफिसात मॅडम कॉम्प्युटरसमोर कपाळाला हात लावून बसल्या होत्या. वर्गाच्या गावांत पोरं पुढं गेली होती, बिनवर्गाच्या गावांत फार नाही. फक्त माझं ते एक गाव सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं. वर्ग नसताना पोरं एवढी शिकतात तर वर्ग कशाला, असं पैसे देणारे विचारतील, असं त्या म्हणाल्या. तिथला शिक्षक बदलला का, असंही विचारलं. मी नाही म्हणालो, आणि तोंडात पुढचं वाक्य तयार असूनही गिळलं. कारण आत्ता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी हुशारी केली नव्हती. मी आज्जीची मास्तरीण घालवली होती.

मॅडम म्हणाल्या, चला, स्वतः बघू. लातूर ते निलंगा बसमध्ये त्यांच्या शेजारी बसून मी चारदा बोलायला तोंड उघडलं आणि चारदा शेंगा खाल्ल्या. कंडक्टर "चला पुढं" म्हणाला तरी मी गप्प.

गावात पोरं गोळा झाल्यावर मॅडमनी बॅगेतून वेगळाच कागद काढला, पोरांनी कधी न बघितलेला. त्यात बाजार होता, टोपली होती, विहीर कुठंच नव्हती. पहिला आला तो सगळ्यात हुशार म्हणून मीच पुढं केलेला. त्यानं बाजाराच्या कागदावर डोळे रोखले, कानामागं खडू खोचला आणि सुरू केलं.

"गावाबाहेर एक विहीर आहे. काय आहे? विहीर. गावात आहे का? नाही. स्टार करा."

दुसरा आला, तीच विहीर. तिसऱ्यानं कंडक्टरच्या आवाजात वाचली. मॅडमनी कागद खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. ऑफिसात चहाच्या वेळी हेच सर मी त्यांना चार-पाचदा करून दाखवले होते, तेव्हा चोर ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"कागद ठेवला होता तुम्ही इथे?"

"हो मॅडम. आणि... शिकवलं असं वाटलं होतं मला."

"काय शिकवलंत?"

मी बघितलं तर सगळी पोरं कानामागं हात नेऊन उभी. वाचन एकालाही आलं नव्हतं. मला मात्र डझनभर चेले मिळाले होते.

आज्जी कट्ट्यावर बसून सगळं ऐकत होती. तिला हिशेब लागेना. भूकंपात भिंतीची चीर मोठी दाखवली की फायदा व्हायचा, हे तिला पक्कं माहीत. तिनं मॅडमला सरळ विचारलं, "बाई, पोरीला येतंय म्हणून लिव्हलं तर मास्तरीण मिळंल, का येत न्हाई म्हणून लिव्हलं तर?"

मॅडमनी सांगितलं की एका पोरीवरून काही ठरणार नाही, सगळ्या गावांचं मिळून ठरेल, आणि खोटं लिहिलं तर ठरवताच येणार नाही.

आज्जीनं बोटांवर हिशेब केला. "मंग काय," ती म्हणाली, "खरंच लिव्हा."

नात शेवटी आली. आवाज नाही, खडू नाही. बोट कागदावर ठेवून "बा... जा... रा..." करत दोन शब्दांपर्यंत पोचली आणि थांबली. मॅडमनी खूण केली, शब्द येतात, वाक्य नाही. तेवढंच.

मॅडम मला काढतील असं वाटलं होतं. त्यांनी त्याहून वाईट केलं. बाजाराचा कागद घेऊन सगळ्या गावांत पुन्हा परीक्षा घ्यायची, दुसरा पोरगा वाचणार आणि मी फक्त पिशवी धरणार. तोंड बंद. मी म्हणालो, माझं ते गाव वगळूनच टाका. तर म्हणाल्या, घागरीतून निघालेलं गाव आपल्याला अवघड झालं म्हणून वगळायचं नसतं, ते राहील आणि काय झालं तेही अहवालात राहील. तो परिच्छेद त्यांनी मला वाचून दाखवला. "एका सर्वेक्षकाने नियमाबाहेर कागद गावात ठेवला व तो अभिनयासह वाचून दाखवला." बरोबर आहे का, असं विचारलं. मी म्हणालो, मॅडम, रेडिओवरची बाई राहिली.

बाजाराच्या कागदावर फरक स्वच्छ दिसला. वर्गाची पोरं टोपलीपर्यंत पोचत होती, बिनवर्गाची पोरं, माझ्या चेल्यांसकट, पहिल्या ओळीतच अडत होती. राहिलेल्या गावांना वर्ग मंजूर झाले. मात्र सगळीकडं एकदम ताया नव्हत्या, म्हणून कुणाला आधी ते ठरवायला निलंग्यात पुन्हा तीच घागर. या वेळी आज्जी नातीला घेऊन जातीनं आली होती. चिठ्ठी मी उचलायची नाही, एवढी एकच अट तिनं घातली. तिच्या गावाला दिवाळीनंतरचा नंबर लागला.

नंतर दोघी स्टँडवर भेटल्या. लातूरला निघाल्या होत्या, डोळ्याच्या दवाखान्यात. आज्जी म्हणाली, दिवाळीपर्यंत तूच येऊन बस पोरीपाशी, पर आवाज काढू नगंस. मला सांगावं लागलं की वर्ग सुरू होईपर्यंत मॅडमनी मला त्या गावात पाय ठेवायलाही बंदी केली आहे.

तेवढ्यात बस लागली. आज्जीनं नातीला पुढं ढकललं, वाच. पोरगी पाटीखाली उभी राहिली, बोट वर करून. कंडक्टर ओरडला, चला पुढं, चला पुढं. मला पाटी दिसत होती. कंडक्टरचा आवाज घशापर्यंत आला होता आणि त्याच्या मागं लातूरही. मी दोन्ही हातांनी पिशवी तोंडापुढं धरली.

"ला..." पोरगी म्हणाली. बसची घंटी वाजली. "ला... तू..." बस हलली. "लातूर," ती म्हणाली तेव्हा बस फाटकाबाहेर होती.

आज्जीनं धुळीपुढं पदर धरला. मग नातीच्या डोक्यावरून हात फिरवून बाकड्यावर बसली.

"दुसरी येईल," म्हणाली. "पर उदगीर तर न्हाई ना झालं?"