रविवारचा वॉर्ड आणि माझा टीबी

"अम्मा, टीबी आहे," डॉक्टर म्हणाले. बिदरचे हे डॉक्टर एरवी कन्नडच बोलतात, पण माझ्याशी मराठीवर येतात. "पल्मोनरी ट्युबरक्युलोसिस. म्हणजे फुफ्फुसाचा क्षय. औषध आहे, फुकट मिळतं, सहा महिने न चुकता घ्यायचं. घाबरू नका."

घाबरले नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण माझ्यापेक्षा जास्त घाबरला तो माझा मुलगा शमुवेल. त्याची बायको एस्तेर, तिला सहावा महिना लागला होता, आणि आम्ही तिघं बिदरमधल्या नौबादला दोन खोल्यांत राहत होतो.

सुरुवात खोकल्यानं झाली होती. मी निवृत्त शिक्षिका. जन्मभर खडूची धूळ खाल्लेली, त्यामुळं खोकल्याकडं काणाडोळा केला. मग संध्याकाळची कणकण सुरू झाली. ब्लाउज सैल व्हायला लागले. शेजारणी म्हणाल्या, "बाई, बारीक झालात, छान दिसायलात." मलाही ते पटलं.

तुम्हाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर असलं कौतुक ऐकत बसू नका. थुंकी तपासा. तिला स्पुटम टेस्ट म्हणतात. सकाळी उठल्याबरोबर छातीतून खोकून काढलेली थुंकी डबीत द्यायची असते, तोंडातली लाळ नव्हे. मी पहिल्यांदा लाळच दिली आणि डबी परत आली. एवढी वर्षं पोरांना नापास करणारी बाई थुंकीत नापास झाली.

मला हा आजार कुठून लागला, यावर चर्चच्या मंडळीत सगळ्यांचं एकमत होतं: दवाखान्यातल्या वॉर्डातून. रविवारची उपासना सुटली की मी सरकारी दवाखान्यात जाते. ज्यांच्याजवळ कोणी नाही अशा आजाऱ्यांची नखं कापते, केस विंचरते, कोमट पाण्यानं हातपाय पुसते. तिथं औषध मिळतं, जेवणही येतं, पण पडून राहिलेल्या माणसाची नखं कापायला कोणाला वेळ असणार? औरादकडच्या एका म्हाताऱ्याची नखं कापली, तर तो किती तरी वेळ आपलेच हात उलटेपालटे करून बघत होता. हे काम मला झकास जमतं आणि मला त्याचा अभिमान आहे. ख्रिस्ती बाईनं असं बोलू नये म्हणतात. मी बोलते.

मंडळीतल्या शांताक्का दारातूनच हळहळल्या, "एवढी सेवा केलीस बाई, अन् देवानं हे फळ दिलं?"

"अक्का, मी काय विम्याचे हप्ते भरायले होते?" मी म्हटलं. त्या रागावून गेल्या.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "कुठून लागला ते सांगता येत नाही. वॉर्डातून, बसमधून, बाजारातून, कुठूनही लागतो." शमूनं मात्र वॉर्डाच्याच नावानं खडे फोडले.

एस्तेरची तपासणी झाली. तिला काही निघालं नाही, तेव्हा मी खाटेजवळच गुडघे टेकले. लगेच तिला माहेरी, बसवकल्याणला पाठवलं. मला खिडकी असलेली खोली मिळाली.

औषधाचं म्हणाल तर लघवी केशरी होते, तेव्हा दचकू नका, ते गोळ्यांमुळं असतं. मळमळतं, सांधे धरतात. बरं वाटायला लागलं की गोळ्या सोडाव्याशा वाटतात, तीच खरी धोक्याची वेळ. सुरुवातीला मला उठून चार पावलंही टाकवत नव्हती. झाकणाच्या भांड्यात फिनाईल घालून त्यात थुंकायचं, असं सांगितलं होतं. शमू रोज बँकेत जायच्या आधी ते भांडं उचलायचा, संडासात रिकामं करायचा, धुऊन परत ठेवायचा. मी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं.

भांडं ठेवलं की दारात उभा राहून भांडायचा.

"आई, तारण देवाच्या कृपेनं हाय, आपल्या कर्मानं न्हाई. संडे स्कूलला तूच शिकवलीस न्हवं? मग कामून जायलीस त्या वॉर्डात?"

"तारण मिळावं म्हणून जात न्हाई रे. घरात राहू द्यावं म्हणून मी सैपाक करते का?"

"गप पड. खोकला येईल."

खोकला आलाच. त्यामुळं वाद तोच जिंकला.

दोन महिन्यांनी थुंकी निगेटिव्ह आली, म्हणजे तिच्यात जंतू दिसले नाहीत. पुढं बसवकल्याणला नात झाली. डॉक्टर म्हणाले, "आता बाळाला भेटायला हरकत नाही." शमू म्हणाला, औषध पुरं होऊ दे. तेही मी ऐकलं असतं, पण त्यानं वर एक अट घातली, "वॉर्डात जाणार न्हाई म्हणून शब्द दे, तरच बाळ हितं आणतो."

"मग नको आणूस," मी म्हटलं. बोलायला बोलून गेले, आणि फोनमधला नातीचा फोटो बघत दुपारभर रडले. मला नात हवी होती, फार हवी होती. पण खोटा शब्द देऊन ती नको होती.

सहा महिने झाले. शेवटच्या तपासणीला शमू बरोबर होता. डॉक्टर हसून म्हणाले, "अम्मा, पूर्ण बऱ्या झालात." शमूनं लगेच विचारलं, "डॉक्टर, आता तरी वॉर्डात जाऊ नका म्हणून सांगा हिला."

डॉक्टर म्हणाले, "टीबीच्या वॉर्डात नको. बाकी जाऊ देत. मास्क लावायचा, खिडकी उघडी ठेवायची, घरी आल्यावर हातपाय धुवायचे. पुन्हा खोकला आला तर अंगावर काढायचा नाही, लगेच यायचं."

शमूचं तोंड उतरलं. बाहेर चहाच्या गाड्यावर आम्ही उभे राहिलो. मीच विचारलं.

"शमू, रोज सकाळी माझी थुंकी टाकायचास. कशासाठी?"

"कशासाठी म्हंजे? तू आई हाईस."

"टाकली नसतीस तर?"

"तरी आईच की."

"मग कामून टाकलीस?"

तो वैतागला. "अगं, आई हाईस म्हणूनच की!"

"व्हय न्हवं? माझंबी तेच हाय. देवानं मला आधीच लेक म्हणून पदरात घेतलंय. एकाचंबी नख कापलं न्हाई तरी मी त्याची लेकच. म्हणून तर जाते."

त्याचा चहा तसाच राहिला. मी माझा संपवला. शिक्षिका असले तरी उत्तर सापडलेल्या पोराला पुन्हा धडा सांगू नये, एवढं मला कळतं.

त्या आजारानं माझं वजन नेलं, सहा महिने नेले. पण माझा मुलगा मला त्यातच नीट दिसला. चर्चचे पाळकसाहेब चांगल्या कामांवर उत्तम उपदेश करतात, पण माझ्या घरात रोज सकाळी फिनाईलच्या वासात जो झाला त्याच्या तोडीचा मी ऐकलेला नाही. प्रभूचे आभार मानताना मी शमूचं नाव मोठ्यानं घेते. कोणाला गर्व वाटला तर वाटो.

शनिवारी संध्याकाळी दारात गाडी थांबली. एस्तेर उतरली आणि तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. शमू पिशव्या आत नेत राहिला. त्यानं माझ्याकडून कसलाच शब्द मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी उपासना सुटली. मी दवाखान्याकडं पायी निघाले, तर त्यानं शेजारी मोटरसायकल आणून उभी केली.

"बस," तो म्हणाला. "मास्क घेतलास का?"