तापीच्या माहेरी जाताना अडकलेला एक्सलेटर

आमच्या बुऱ्हाणपुरात थंडी म्हणजे तापीकाठी राजघाटावरच्या चहावाल्याकडे सकाळी चार माणसं जास्त, एवढंच. खरं वैर आमचं उन्हाशी, आणि माझी मोटरसायकल मी त्या वैरासाठीच तयार केलेली आहे. पंचवीस वर्षांची, साडेतीनशे सीसीची, किकवर चालू होणारी गाडी. माझ्याकडे आल्यापासून तिचा एकही नट दुसऱ्याच्या पान्याने उघडलेला नाही. मी कुठल्या शाळेत हे शिकलो नाही. यंत्रमागावर फिटर म्हणून हात काळे केले, पुढे स्वतःचे माग टाकले, आणि मागाने जे शिकवलं तेच गाडीला लावलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं यातूनच निघालं.

तापीच्या उगमाला, मुलताईला जायची कल्पना सुनंदाची. सुनंदा म्हणजे माझी बायको, शाळेत शिकवते. एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "लोक उगमाचं पाणी घरी आणतात. आपण राजघाटाचं पाणी उगमाला नेऊ. इतक्या वर्षांत तापीला माहेरी कोणी नेलंय का?" संक्रांतीच्या दिवशीच पोचायचं, हेही तिनेच ठरवलं. मी म्हटलं, गाडीवर जाऊ.

बाजारापलीकडे ती माझ्या गाडीवर बसत नाही. तिच्या मते गाडीला माझ्यासारखीच सवय आहे, मधेच थांबून विचार करत बसण्याची. तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "चालेल. पण बंद पडली तर मी तिथून बस धरीन. आणि परत अमरकंटकचं नाव काढायचं नाही."

अमरकंटक हे माझं जुनं स्वप्न. नर्मदेच्या उगमापर्यंत गाडीवर, सावकाश, आठ-दहा दिवस, आणि मागच्या सीटवर सुनंदा. एकटा कधीही जाऊ शकलो असतो. एकट्याने जायचंच नव्हतं. मी अट मान्य केली, कारण गाडी बंद पडणार नव्हती.

तयारी मी आठवडाभर केली. प्लग नवा, हवा साफ करणारी जाळी धुतलेली, साखळी ताणलेली. क्लच आणि एक्सलेटरच्या वायरींमध्ये ताजं ग्रीस, तेही मागाच्या डब्यातलं, लाखेसारखं घट्ट. आमच्याकडे मे महिन्यात बाकीच्यांचं ग्रीस पाणी होऊन गळतं, माझं जागचं हलत नाही. या एका गोष्टीवर मी गल्लीत बऱ्याच जणांना भाषण दिलेलं आहे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी उजाडताच निघालो. हँडलला पिशवी, पिशवीत दराबा ही आमच्याकडची मिठाई, तिळगूळ आणि राजघाटाच्या पाण्याची छोटी बाटली. केळीच्या बागा मागे पडल्या आणि खकनारच्या पुढे रस्ता मोकळा झाला. देडतलाईला पोहे-चहा घेतला. शेजारच्या बाकावर कापसाच्या गाडीचा ड्रायव्हर बसला होता. त्याने आमच्या गाडीला एक फेरी मारली.

"काका, कुठपर्यंत?"

"मुलताई."

"हिच्यावर? अन् काकूला घेऊन?" तो सुनंदाकडे वळला. "काकू, घाटावर पाला पडून राह्यला आजकल. दव गोठून सगळं गवत पांढरं होते. बस का नाही पकडली?"

"ती पकडायची वेळ येईलच, असं मला वाटतंय," सुनंदा म्हणाली. दोघंही हसले. मी पोह्यांवर शेव घालून घेतली.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. धारणीला पेट्रोलची टाकी भरून घ्या, पुढे जंगल आहे. धारणी ते सेमाडोह रस्ता अरुंद, वळणावळणाचा, पण बघत राहावा असा. घाई करायची नाही, गवे आणि माकडं रस्ता स्वतःचा समजतात. आम्ही जेवलो परतवाड्याला. तिथून बैतूलच्या बाजूला घाट चढला की हवा एकदम बदलते. कानात कापूस घाला आणि जॅकेटच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवा, छातीवर. लोकरी हातमोज्यांवर भांडी घासायचे रबरी मोजे चढवले की वारा आत शिरत नाही. दिसतं वाईट, चालतं उत्तम. सुनंदाने तेवढ्यासाठी तोंडावरचा रुमाल आणखी वर ओढला.

मुक्काम भैंसदेहीच्या एका धर्मशाळेत. खोली चारशे रुपये, गोधड्या जाड, सकाळी गरम पाण्याची बादली एकच. व्यवस्था बघणारे रामरतनजी पन्नाशीचे, कानटोपीत बुडालेले. गाडीसाठी आडोसा नव्हता. रात्रभर ती अंगणात उभी राहिली.

सकाळी दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थांबलो. अंगणातलं गवत मीठ फासल्यासारखं पांढरं. सीटवरचं दव गोठून त्याचा पापुद्रा झाला होता, नखाने खरवडला तर निघत होता. थंडीत इंजिनचं तेल घट्ट होतं, हे मला माहीत होतं. म्हणून चावी बंद ठेवून, क्लच दाबून दहा-बारा किका नुसत्याच मारल्या. मग चोक ओढला, चावी लावली. दुसऱ्या किकला इंजिन बोललं. खिडकीत सुनंदा उभी होती. मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही, रुबाबात एक्सलेटर पिळला आणि सोडला.

एक्सलेटर परत आलाच नाही.

गाडी जागच्या जागी किंचाळायला लागली. झाडावरचे पक्षी उडाले. मी चावी फिरवून ती बंद केली. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. मूठ पिळली तशीच राहते, हाताने उलटी फिरवावी तर वायर नुसती वाकते. अशी गाडी घेऊन घाटाच्या रस्त्यावर जाणं म्हणजे मरणाला पत्ता देणं.

रामरतनजी शेकोटीवरून उठून आले. "नीचे थोड़ी आग रख दो, भाई साहब. ट्रकवाले यही करते हैं."

"ट्रकमध्ये डिझेल असतं," मी म्हणालो. "हे पेट्रोल आहे. आग ठेवली तर तुमची धर्मशाळाच गरम होईल."

"तो फिर साढ़े आठ की बस है बैतूल की," ते म्हणाले. माझ्याकडे नाही, सुनंदाकडे बघून. "बहनजी, टाइम पे आती है."

सुनंदाने मान हलवली आणि आत गेली. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

मला वाटलं कार्बोरेटरमध्ये दव गोठलंय. तो उघडला. आतली स्लाइड कोरडी, स्वच्छ, स्प्रिंग ठणठणीत. पुन्हा बसवला. बोटं इतकी बधीर की एक स्क्रू दोनदा गवतात पडला आणि दोन्ही वेळा मी त्याला माणसासारखं बोललो. ऊन वर आलं की गाडी कदाचित आपोआप सुटली असती. पण सुनंदाला दुपारच्या आत उगमावर पोचायचं होतं, आणि कारण न कळता सुटलेली गाडी मी सुटलेली धरत नाही.

तेवढ्यात सुनंदा वेणी घालायला उन्हाच्या पट्ट्यात येऊन उभी राहिली. हातात खोबरेलाची बाटली. उलटी धरून तळहातावर आपटत होती.

"थिजलंय अगदी," ती म्हणाली. "घरी कसं धारेनं पडतं."

मी त्या बाटलीकडे बघत राहिलो. घरी पडतं, इथे थिजतं. माझं ग्रीस तर घरीच थिजलेलं असतं, मुद्दाम तसंच निवडलेलं. मग इथे वायरीच्या आत त्याचं काय झालं असेल? बाहेरून ती वायर आणि आतून जवळजवळ मेणबत्ती. बिचारी स्प्रिंग ओढून ओढून किती ओढणार?

"सुनंदा, गरम पाणी पाहिजे. कढत."

"बादली एकच आहे. त्यात तीळ घातलेत मी. संक्रांतीची आंघोळ आहे, आणि उगमावर काय पारोशी जाऊ?"

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. रामरतनजींनी बॅगेला हात घातला. सुनंदा बॅगेकडे बघत होती, मी वायरीकडे.

"कारण सापडलंय का, की नुसता अंदाज आहे?" तिने विचारलं.

"सापडलंय. माझंच ग्रीस आहे."

हे माझ्या तोंडून ऐकायची तिला सवय नाही. ती आत गेली आणि तिळाच्या पाण्याची वाफाळती बादली दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे आणून ठेवली. "तापीच्या कुंडात हातपाय धुईन मी. तीच माझी आंघोळ. रामरतनजी, बस जाऊ द्या."

बस गेली. मी वायर दोन्ही टोकांनी सोडवली, वेटोळं करून बादलीत बुडवली. मग खिळ्याला उभी टांगून वरच्या तोंडाने थेंबथेंब पेट्रोल सोडलं. खालून काळं, चिकट ग्रीस गोगलगायीसारखं सरकत बाहेर आलं. वायर हलकी झाली. रामरतनजींच्या घरून शिलाई मशीनचं पातळ तेल आणलं, त्याचे थेंब सोडले. क्लचच्या वायरीलाही तेच केलं, अर्धवट काम मला झोपू देत नाही. पेट्रोल पूर्ण उडाल्याची खात्री करून, तेही शेकोटीपासून लांब, वायरी बसवल्या. किक मारली, मूठ पिळली, सोडली. टक्. जागेवर.

"एक बार और दिखाओ," रामरतनजी म्हणाले. मी तीनदा दाखवलं.

बैतूलमार्गे मुलताईला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर यायचं होतं. गावाच्या मधोमध कुंड, काठावर देऊळ, संक्रांतीची गर्दी. सुनंदाने चपला काढल्या, पायरीवर उतरून हातपाय धुतले आणि थंडीने एक श्वास आत ओढला. मग राजघाटाची बाटली उघडली आणि पाणी हळूहळू कुंडात सोडलं. "आली गं तुझी लेक," एवढंच म्हणाली. शेजारच्या बाईने विचारलं, कुठून आलात? तिने सांगितलं, बुऱ्हाणपूरहून, गाडीवर. 'गाडीवर' जरा मोठ्याने सांगितलं असं मला वाटलं. मी विचारून खात्री केली नाही.

परतीला बैतूलला मुक्काम केला आणि आल्या रस्त्यानेच घरी आलो. एकही थांबा गाडीने स्वतःहून घेतला नाही.

थंडीच्या मुलुखात जाणाऱ्यांनी एवढं ऐकावं: इंजिनचं तेल पातळ नंबरचं भरा आणि वायरींना ग्रीस अजिबात लावू नका, पातळ तेलाचे थेंब पुरे. उन्हाने जे शिकवलं ते थंडीत चालेलच असं नाही. मागाचं ग्रीस मागाकडे परत गेलं. तिथे ते अजूनही उत्तम आहे, हे मी आजही कोणाला सांगायला तयार आहे.

रविवारी गाडी धुवायला घेतली. एक्सलेटरची वायर कार्बोरेटरमध्ये शिरते, तिथल्या रबराच्या घडीत एक तीळ चिकटलेला दिसला. टोकदार काडी घेऊन मी तो काढायला वाकलो होतो. सुनंदा मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"राहू दे ना तो," ती म्हणाली. "अमरकंटकला पडेल आपोआप."