दोन विद्यापीठांचा जर्मिनेशन रिपोर्ट

ही गोष्ट सांगणं मी बरीच वर्षं टाळलं. लोक ती माझ्या कौतुकाची म्हणून सांगतात, त्यामुळे टाळणं सोपं गेलं. नुसतं हसलं की भागायचं. आता वय झालं आहे. खरं काय घडलं ते लिहून ठेवतो.

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी सीड टेस्टिंग लॅबचा इन्चार्ज होतो. बियाण्याच्या प्रत्येक लॉटमधून चारशे बिया घ्यायच्या, ओल्या कागदात गुंडाळून ठरलेल्या तापमानात ठेवायच्या आणि काही दिवसांनी मोजायच्या, हे आमचं काम. नीट उगवलेली ती नॉर्मल, वाकडीतिकडी ती अ‍ॅबनॉर्मल, कुजलेली ती डेड. काही बिया जिवंत असतात, पण पाणीच आत घेत नाहीत. त्यांना हार्ड म्हणतात. मोजणाऱ्याने जर्मिनेशनचा, म्हणजे उगवणीचा रिपोर्ट भरायचा आणि इन्चार्जने सही करायची. इन्चार्जला आकडा बदलता येत नाही. शंका असेल तर त्याने 'रीटेस्ट' लिहायचं, एवढाच त्याचा अधिकार.

मोजणीला मनीषाइतका पक्का हात माझ्याकडे दुसऱ्या कुणाचा नव्हता. ती तीर्थपुरीची. तिची आई कांताबाई आमच्या कपाशीच्या प्लॉटवर क्रॉसिंगला यायची, म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला हाताने लावायला. मनीषा बारावीची परीक्षा देऊन लॅबमध्ये आली आणि दोन महिन्यांत माझ्या जुन्या माणसांच्या चुका काढायला लागली.

एके दिवशी कांताबाई दोन पत्रं घेऊन आली. बायॉलॉजीच्या डिग्रीसाठी मनीषाचा नंबर दोन विद्यापीठांत लागला होता. एक जवळचं, सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी घरी येता येईल असं. दुसरं लांबचं, रेल्वेने जायचं आणि हॉस्टेलवर राहायचं. नक्की करायला आठ दिवस होते.

"साहेब, मला ह्यातलं काही कळत न्हाई," कांताबाई म्हणाली. "घरात दहा तोंडं दहा गोष्टी करून राह्यलेत. तुम्ही बोट ठेवा. मंग मी कुणाचंच ऐकत न्हाई."

मी जवळच्या पत्रावर बोट ठेवलं. दोन्ही सारखीच आहेत म्हणालो. पोरगी घरी राहील, सुट्टीत लॅबला येईल.

दोन्ही सारखी नव्हती, हे मला माहीत होतं. महिन्यापूर्वीच कंपनीच्या कामाने मी त्या जवळच्या विद्यापीठाच्या बायॉलॉजी विभागात गेलो होतो. ग्रीनहाऊसला कुलूप होतं, बरेचसे मायक्रोस्कोप धूळ खात होते. पण आमचा सीझन तोंडावर होता, दोन असिस्टंट सोडून गेले होते आणि मॅनेजर म्हणाले होते की ही पोरगी हातची जाता कामा नये. मला मोजणारी हवी होती. इतकं साधं कारण होतं.

दुसऱ्या दिवशी मनीषाने चार दिवसांची रजा मागितली. मामाकडे लग्न आहे म्हणाली.

पाचव्या दिवशी सकाळी माझ्या ट्रेमध्ये नेहमीच्या रिपोर्टांच्या वर एक रिपोर्ट होता. फॉर्म आमचाच, अक्षर मनीषाचं. लॉट ए आणि लॉट बी.

"हे कुठलं बियाणं?" मी विचारलं.

"इद्यापीठं हायेत सर. तुम्ही बोट ठेवलं ते ए."

लग्न वगैरे काही नव्हतं. मामाला सोबत घेऊन ती दोन्ही ठिकाणी जाऊन आली होती. लॉट ए: मायक्रोस्कोप बारा, नॉर्मल तीन, अ‍ॅबनॉर्मल पाच, डेड चार. अ‍ॅबनॉर्मल म्हणजे दिवा लागतो पण दिसत काही नाही. ग्रीनहाऊस डेड. लॉट बी: मायक्रोस्कोप वीस, नॉर्मल अठरा, डेड दोन. ग्रीनहाऊस नॉर्मल. हार्ड एक. त्यापुढे कंसात लिहिलं होतं, 'हॉस्टेलच्या क्लार्कबाई'.

लॅबमधले सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. क्लार्कबाईंवर आमचा वयस्कर शिपाई इतका हसला की त्याला ठसका लागला.

"ऑफिसात जाऊन विचारलं का?" मी कसंबसं म्हणालो.

"ऑफिसात गेलेच न्हाई. तुम्हीच शिकवलं ना सर, पोत्याच्या नुसतं वरून सॅम्पल घ्यायचं न्हाई. वरून, मधून, खालून घ्यायचं. म्हणून एका मॅडमला भेटले, दुसऱ्या वर्षाच्या पोरींना भेटले अन् लॅबच्या शिपाईमामाला भेटले. शिपाईमामानं तर कपाटं उघडून दाखवली." ती थांबली. "मोजणीत चूक असंल तर रीटेस्ट लिहा. न्हाई तर सही करा."

रीटेस्ट लिहिलं असतं तर प्रवेशाची मुदत निघून गेली असती. हा विचार करण्यापुरता माझा पेन कागदावर थांबला होता, हेही कबूल करतो. मग मी सही केली. लॉट बी पास.

शिपायाने पेढे आणले. मॅनेजरांनीही एक खाल्ला, तोंड कडू करून. त्या सीझनला आमची मोजणी आठ दिवस मागे पडली आणि शिव्या मी खाल्ल्या. त्या शिव्या मात्र गोड लागल्या.

मनीषाने आता डॉक्टरेट मिळवली आहे, बियाण्यांवरच संशोधन करते. मागच्या महिन्यात ती गावी आली होती, तेव्हा कांताबाईने मला तीर्थपुरीला जेवायला बोलावलं. भिंतीवर तो रिपोर्ट फ्रेम करून लावलेला. खाली माझी सही.

"ह्या साहेबांनी पाठवलं माझ्या पोरीला," कांताबाईने शेजारणींना सांगितलं. मी मान खाली घातली. तो माझा विनय समजला गेला.

जवळच्या विद्यापीठाच्या त्या विभागात आल्या-गेल्याचं रजिस्टर असतं. माझ्या त्या भेटीची सही त्यात होती आणि मनीषाला सही करावी लागली तेव्हा माझी सही काही ओळी वरच असणार. मनीषा रजिस्टर न वाचता सही करणारी नव्हे. तिच्या रिपोर्टात 'शेरा' हा एकच रकाना कोरा होता.

धंद्यातला धडा एवढाच, की सल्ला देणाऱ्यालाही खालपर्यंत तपासून घ्यावं. तो तिने माझ्याकडून शिकून माझ्यावरच वापरला. तिच्या कामाचा मला इतका अभिमान आहे, की लिहितानाही हसू येतं.

वाक्य मी जालन्याहून पाठ करून नेलं होतं. 'मनीषा, मला आधीच माहीत होतं, माझं चुकलं.' निघताना ती फाटकापर्यंत सोडायला आली. आम्ही दोघंच होतो.

"बोला ना सर," ती म्हणाली.

मी म्हणालो, "जिलबी फार छान झाली होती."